मदत हवी आहे: बीपी उतरला, पण व्यायामामुळेच कशावरून?

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. श्वसनाच्या व्यायामाने रक्तदाब उतरतो का, हा प्रबंधाचा विषय. एथिक्स कमिटीची परवानगी, सहभागींची लेखी संमती, सगळं रीतसर झालंय. अडलंय ते पुढे.

तपासणीत ज्यांचा वरचा बीपी १५० किंवा जास्त आला असे ४० जण घेतले. ८ आठवडे रोज व्यायाम करवून घेतला आणि पुन्हा मोजला. ८ जण मध्येच सोडून गेले. उरलेल्या ३२ जणांचा बीपी सरासरी ९ ने उतरला, पेअर्ड टी-टेस्टमध्ये (त्याच माणसांच्या आधी-नंतरच्या मापांची तुलना) पी ०.०१ पेक्षा कमी. मला वाटलं, जिंकलं. पण परीक्षक बाईंनी तीनच प्रश्न लिहून पाठवले: कंट्रोल ग्रुप (व्यायाम न करणारा, तुलनेसाठीचा गट) कुठे आहे? रिग्रेशन टू द मीनचा विचार केला का? सोडून गेलेले का गेले?

दुसरा प्रश्न कितीदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. पी इतका लहान आहे म्हणजे फरक योगायोगाचा नाही, असंच ना? आणि आता कंट्रोल ग्रुप कुठून आणू? दीड वर्षाची मेहनत आहे, पण चुकीचं काही माझ्या नावावर छापलं जायला नको. आकडेमोडीने हे निस्तरेल का?

प्रतिसाद

पी काय सांगतो ते आधी पाहू. खरा बदल शून्य असता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच. बदल कशाने झाला हे त्याला विचारूच नका.

आता दुसरा प्रश्न, रिग्रेशन टू द मीन, म्हणजे टोकाचं माप पुन्हा घेतलं की ते सरासरीकडे सरकणं. बीपी दिवसभर वरखाली होतो. एखाद्याचा एरवी १४२ असतो, पण त्या दिवशी जिना चढून आला, घाबरलेला होता, १५३ भरला. तुमच्या १५० च्या रेघेने त्याला आत घेतलं. दुसऱ्याचा एरवी १५२, त्या दिवशी १४६ आला, तो बाहेर राहिला. म्हणजे त्या दिवसापुरते चढलेले लोक तुमच्या गटात जास्त भरले. त्यांना काहीही न करता पुन्हा मोजलं असतं तरी सरासरी खाली आली असती. १८८६ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने हेच उंचीबाबत दाखवलं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नाही.

कंट्रोल ग्रुप लागतो तो यासाठीच. १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाच्या चाचणीत नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ क्षयरुग्णांपैकी ४ जणांत लक्षणीय सुधारणा दिसली. औषध घेणाऱ्या ५५ पैकी २८ जणांत. तुलना नसती तर आपोआप सुधारणारेही औषधाच्याच खात्यात गेले असते.

निवडीनंतर, पण व्यायाम सुरू होण्याआधी, पुन्हा कधी बीपी मोजला होता का?

मूळ प्रश्नकर्ती

हो! शिकवायच्या पहिल्या दिवशी मोजून पत्रकात लिहिला होता, वापरलाच नव्हता. आत्ता काढून पाहिलं. त्याच ३२ जणांची सरासरी त्या दिवशीच ५ ने खाली आलेली होती. अजून एकानेही व्यायाम केला नव्हता! म्हणजे माझ्या हातात ४ च उरतात?

प्रतिसाद

हो, आणि त्या ४ मध्येसुद्धा मोजमापाची सवय होणं, मीठ कमी करणं, गोळ्या बदलणं, काहीही असू शकतं. पहिलं माप फक्त निवडीसाठी धरा, दुसऱ्यापासून हिशेब करा, ४ सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) द्या आणि दोन्ही मापं तक्त्यात ठेवा. शीर्षकात 'परिणाम' म्हणू नका, 'एका गटातला आधी-नंतरचा अभ्यास' म्हणा. आता तयार केलेला कंट्रोल ग्रुप मात्र चालणार नाही. तो सुरुवातीलाच, चिठ्ठ्या टाकून पाडायचा असतो, आणि पुढची चिठ्ठी कोणती हे भरती करणाऱ्यालाही कळता कामा नये.

ते ८ जण विसरू नका. व्यायाम करूनही बीपी उतरला नाही म्हणून ते कंटाळून गेले असतील, तर तुमचे ४ सुद्धा फुगलेले आहेत. त्यांना गाठून मोजता आलं तर फार बरं.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. कमिटीला विचारून उद्यापासून त्या आठही जणांना फोन करते. आधी ९ उतरला असं गाइडना सांगून बसले आहे, तेही आजच दुरुस्त करते.