विकत घेतलेले गाणे कायमचे आपले राहावे, यासाठी आता काय करावे?

स्वरवेल्हाळ: घरातल्या शास्त्रीय गायनाच्या आणि नाट्यपदांच्या कॅसेटी आता खराब होऊ लागल्या आहेत. त्यांतली बरीच ध्वनिमुद्रणे स्ट्रीमिंगवर सापडतात. परंतु मला ती दरमहा वर्गणी भरून ऐकायची नसून एकदाच पैसे मोजून विकत घ्यायची आहेत. मुंबईचे र्‍हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाल्यापासून हक्काचे असे दुकान मला उरलेले नाही. ॲपमधले 'डाउनलोड' हे खरेदीच्या तोडीचे मानावे काय?

जुना श्रोता: मानू नये. ती फाइल कुलूपबंद असते आणि त्या ॲपबाहेर वाजत नाही. स्पॉटिफायवर तर ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेटला जोडावेच लागते आणि वर्गणी थांबली की डाउनलोड केलेली गाणी हातची जातात. आपल्याकडे याहून चांगला प्रयोग होऊन गेला आहे. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाने एमपी३ गाण्यांची विक्री सुरू केली, मात्र चोरटे संगीत आणि किरकोळ रकमा ऑनलाइन भरण्यातील अडचणी यांपुढे टिकाव न लागल्याने २०१३ मध्ये ती गुंडाळली. (यूपीआय येण्याच्या तीन वर्षे आधी!) त्या फाइलींना कुलूप नसल्यामुळे, ज्यांनी त्या वेळीच उतरवून ठेवल्या त्यांना त्या आजही वाजवता येतात.

मध्यलय: एवढा नकार मला पटत नाही. ज्या ध्वनिमुद्रणांसाठी तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईला जावे लागे, ती आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. माझी तक्रार वेगळी आहे. कॅसेटच्या वेष्टणातील कागदावर राग, ताल आणि तबला-हार्मोनियमच्या साथीदारांची नावे छापलेली असत; ॲपवर पुष्कळदा केवळ गायकाचे नाव आणि बंदिशीचे चुकीच्या रोमन अक्षरांतले शब्द तेवढे दिसतात.

जुना श्रोता: हे मान्य. म्हणून स्वरवेल्हाळ यांना दोन गोष्टी सुचवतो. स्वतःचे संगीत स्वतः विकणारे कलाकार बँडकॅम्प या संकेतस्थळावर असतील, तर तिथून फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या) स्वरूपातील कुलूप नसलेली फाइल घ्यावी. जुन्या कंपन्यांचा साठा मात्र तिथे मिळेल अशी आशा धरू नये. घरातल्या कॅसेटींसाठी टेपरेकॉर्डरचे हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, त्याचा लाइन-आउट (आवाज बाहेर देणारी जोडणी) संगणकाला जोडून त्या वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात उतरवाव्यात आणि आतल्या कागदाचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवावे.

स्वरवेल्हाळ: आभारी आहे. उतरवलेली गाणी इतर रसिकांना पाठवता येतील काय?

मध्यलय: सरसकट नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो, तर पदाचा कवी आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे. आपल्या कॅसेटी ऐंशीच्या दशकातल्या असतील, तर त्यांतले मूळ ध्वनिमुद्रण केव्हा प्रसिद्ध झाले ते आधी पाहावे. कित्येक कॅसेटींत जुन्या तबकड्याच पुन्हा काढलेल्या असत.