विषय: सोलापूरच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीचे पैसे – १ मेच्या आत निर्णय हवा

प्रेषक: ताई, लेस्टर

सगळ्यांना नमस्कार,

काल आपल्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. कोटेशन आलंय, व्यवस्थापन समितीचा ठरावही झालाय. स्टीलची टाकी, चार तोट्या, आणि जागा व्हरांड्यात जिन्याखाली. गच्चीवर नाही म्हणजे नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नऊच्या सुट्टीतच इतकं तापतं की मुलं तोंडात घेऊन थुंकून टाकतात, बाईंनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतंच. दोन तोट्या खाली घ्यायच्या आहेत. पहिलीतल्या मुलांचा हात आत्ताच्या तोटीला पुरत नाही, ती मोठ्या मुलांच्या ओंजळीतून पितात.

शाळा सकाळची आहे. १ मेला झेंडावंदन, निकाल, आणि मग जूनच्या मध्यापर्यंत कुलूप. निकालाला सगळे पालक येतात, त्यांच्या समोर टाकी सुरू व्हावी असं बाईंचं म्हणणं आहे.

संक्रांतीला जमलेले पैसे आपल्या इथल्या, ब्रिटनमधल्या मंडळाच्या खात्यात पडून आहेत. खजिनदारांनी ते याच आठवड्यात समितीच्या खात्यावर पाठवावेत. हरकत असेल तर उद्यापर्यंत कळवा.

---

प्रेषक: खजिनदार, स्लाव

ताई,

हरकत आहे. टाकीला नाही, पद्धतीला आहे. मंडळाच्या खात्यातून पैसे बाहेर काढायला कार्यकारिणीचा ठराव लागतो. बाईंना शब्द देण्याआधी मला एक फोन करायला हवा होता. गणपतीच्या मूर्तीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, मला ते पुन्हा नको आहे. शाळेचं मला तुमच्याइतकंच आहे, माझी आई त्याच शाळेत शिकली.

---

प्रेषक: दादा, साखर पेठ

काय ओ, एवढी चर्चा कशाला? माझ्या खात्यावर टाका की. मी दुकानात जातो, टाकी घेतो, बसवून देतो, पावती फोटो काढून ग्रुपवर. नातेवाइकांना १० लाखापर्यंत पाठवता येतंय म्हणे, खजिनदार माझे आतेभाऊच लागतात.

इकडं सोलापुरात उन्हानं जीव जायलालाय. पाणी पाच दिवसाला यायलालंय, त्यामुळं टाकी मोठीच घ्या, एका दिवसाच्या मापाची घेऊन काही उपयोग नाही.

---

प्रेषक: भाऊ, मिल्टन कीन्स

कृपया थांबा. कोणीही एक पौंडसुद्धा पाठवू नका, हे वाचा आधी.

परदेशातून भारतात देणगी पाठवायला २०१० चा विदेशी अंशदान कायदा लागू होतो. आपलं मंडळ इथं नोंदलेलं आहे, म्हणून ते कायद्याच्या नजरेत ‘परदेशी स्रोत’. सभासद सगळे सोलापूरचे असले तरी फरक पडत नाही. अशा स्रोताकडून पैसे घ्यायचे तर घेणाऱ्याकडे दिल्लीच्या गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा आगाऊ परवानगी पाहिजे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच आले पाहिजेत. आपल्या शाळेच्या समितीकडं यातलं काही नाही. नोंदणी मागायची तर संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत १५ लाख रुपये खर्च केलेली लागते. पेठेतल्या प्राथमिक शाळेची समिती कुठून आणणार?

दुसऱ्या संस्थेमार्फत पाठवू म्हणाल, तर तेही २०२० पासून बंद. एकानं घेतलेलं परदेशी अंशदान दुसऱ्याला देता येत नाही.

दादांचा १० लाखांचा आकडा बरोबर आहे, नातेवाइकाकडून सरकारला न कळवता घ्यायची मर्यादा २०२२ मध्ये १ लाखावरून १० लाख केली. पण ती सवलत नातेवाइकाला त्याच्यासाठी पाठवलेल्या पैशांची आहे, त्याच्या खात्यातून शाळेला वळवायच्या पैशांची नाही. आणि आतेभाऊ त्या व्याख्येत बसतच नाही. इथून टाकी विकत घेऊन भेट दिली तरी वस्तूसुद्धा अंशदानच धरली जाते.

मार्ग एक आहे आणि सरळ आहे. ज्याच्याकडं आजही भारतीय पासपोर्ट आहे, तो स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान नाही. पासपोर्टची प्रत समितीला देऊन ठेवायची, म्हणजे पुढं कोणी विचारलं तर त्यांच्याकडं कागद असेल. मात्र पैसे खरोखर त्याचेच हवेत. मंडळाचे पैसे आधी त्याच्या खात्यात आणि तिथून शाळेला, असं नको.

या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपण इथं बसलोय. सही बाईंची आणि समितीच्या अध्यक्षांची असणार. त्या अध्यक्ष कोण आहेत आठवतं ना? विडी कामगार आहेत, तिसरीतल्या मुलीची आई. त्यांच्या दारात नोटीस जाऊ देणार का आपण?

---

प्रेषक: काका, कार्डिफ

भाऊ,

मुद्दा कळला, कायदा मोडावा असं मी म्हणत नाही. पण वाईट वाटलं ते लिहितो.

मी त्या शाळेत गेलो तेव्हा ती नगरपालिकेची होती; महापालिका १९६४ साली झाली. मिलचा भोंगा झाला की आमची घंटा. वर्गात निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड, आणि पाढे सगळ्यांचे मराठीत. उन्हाळ्यात फरशीवर पाणी शिंपडून गुरुजी आम्हाला तिथंच बसवायचे. प्यायला रांजण होता, वर ओलं पोतं. तो रांजण भरायची पाळी आमची असायची आणि ती चुकवायला कोणी तयार नसे, कारण भरणाऱ्याला पहिला तांब्या.

मी पासपोर्ट बदलला तो नोकरीसाठी. त्या दिवशी मी शाळेला परका झालो, हे आज पहिल्यांदा कळतंय. माझे संक्रांतीचे पैसे टाकीसाठीच दिले होते. ते दुसऱ्या कशाला वापरू नयेत.

---

प्रेषक: रेडिंगच्या वहिनी

काका, असं नका म्हणू हो, तुम्ही परके कसे?

इथल्या शाळेतून काही करता येईल का? मुलांच्या शाळेची समर टर्म आत्ताच सुरू झाली आहे. जूनच्या शेवटी समर फेअर असतो, दरवर्षी मी स्टॉल घेते. यंदा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवून ‘सोलापूरच्या शाळेच्या पाण्यासाठी’ असा फलक लावला तर? आमच्या हेडटीचर फार चांगल्या आहेत, असेंब्लीत दोन शाळांची ओळखही करून देतील.

---

प्रेषक: खजिनदार, स्लाव

वहिनी, शेंगाची चटणी शाळेत चालणार नाही. बहुतेक प्राथमिक शाळांत शेंगदाणे आणता येत नाहीत, अॅलर्जी असलेली मुलं असतात. आमच्याकडे डब्यातला एक लाडू परत आला होता. शिवाय फेअरची कमाई पालक संघटनेची असते, ती आपल्याला मिळत नाही. आणि मिळाली तरी ते परदेशीच पैसे.

---

प्रेषक: मावशी, हाउन्स्लो

चटणी कारळाची करा. जवसाचीही चांगली लागते. फक्त तीळ घालू नका, तिळाचीही अॅलर्जी असते मुलांना. लसूण सोलापुरी प्रमाणात घातला तर इथली मुलं हात लावणार नाहीत, निम्मा घाला. भाकरी मी करून देईन, पण कडक व्हायला आधी दोन दिवस लागतात, ऐनवेळी सांगू नका.

---

प्रेषक: दादा, साखर पेठ

आज शाळेत जाऊन आलो. बरं झालं गेलो, बाई काळजीत होत्या, पैसे येणार का नाही म्हणून.

परीक्षा चालू आहे. आधी एप्रिलच्या मध्यापर्यंत आटपायची, २०२५ ला ती २५ एप्रिलपर्यंत नेली, तेव्हापासून उन्हात हाल वाढले. त्या साली वेळ ७ ते ११.१५ केली, ते ठीक. पण सव्वाअकराला पोरं घरी चालत जातात तेव्हा डांबर चटकतंय. खिचडी खाऊन पाणी प्यायचं तर ते कढत. म्हणून अर्धी पोरं खिचडी डब्यात घालून घरी नेतात. टाकीचा विषय आपण पाण्याचा धरलाय, खरं तर तो जेवणाचाही आहे. पोटभर शाळेत जेवायचं असेल तर तिथं गार पाणी पाहिजे.

सुट्टीत खिचडी मिळते का असं कोणी मागं विचारलं होतं. दुष्काळ जाहीर झालेल्या भागातच उन्हाळी सुट्टीत देतात, एरवी नाही.

‘पहिलं पाऊल’चा मेळावा पण परवा झाला, जूनला पहिलीत येणाऱ्या पोरांचा. आया तेंदूपान भिजवून, सूप बाजूला ठेवून आलेल्या. दुपारी विड्या कारखान्यात द्यायच्या असतात, म्हणून बाईंनी मेळावा सकाळी साडेसातला ठेवला. एका पोरानं मणी मोजून दाखवले, तेलुगूत. बाईंनी पुढचे तेलुगूतच विचारले आणि मग मराठीत. अशा बाई मिळाल्यात शाळेला, त्यांना कोर्टकचेरीत नको ढकलायला. भाऊंचं मला पटलंय.

टाकी १ मेच्या आधी बसते. मी आणि आमच्या बॅचचे इथलेच चौघं मिळून निम्मे देतो, ते इथलेच पैसे. निम्मे तुमच्यातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी द्यावेत. समितीच्या नावानं, ठराव क्रमांक लिहून, पावती घेऊन. टाकी जडसंग्रह नोंदवहीत चढवायची, नाहीतर बदली झाली की कोणाची टाकी आणि कोणाची दुरुस्ती.

सुट्टीत टाकी कोरडी करून ठेवायचं काम माझ्याकडं.

---

प्रेषक: ताई, लेस्टर

दादा, देव भलं करो तुमचं.

तर असं करू. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी मला उद्या रात्रीपर्यंत व्यक्तिगत मेल करावी, यादीवर नको. किती देणार ते सांगायची गरज नाही, समितीच्या खात्याचा तपशील मी पाठवते. मंडळाचे पैसे मंडळातच राहतील. ज्यांना परत हवेत त्यांना परत, ते काम खजिनदारांचं, मी त्यात पडणार नाही.

काका, तुमच्यासाठी वेगळं लिहिते. इथली टर्म जुलैच्या शेवटाला संपते, आपण सगळे सोलापूरला जातो ते तेव्हाच. शाळा जूनमध्येच उघडलेली असते, पुस्तकं वाटून झालेली असतात, वर्ग भरात असतात. १ मेला आपल्यातलं कोणी तिथं असणार नाही, पण ऑगस्टमध्ये असू. बाईंनी स्वतःहून विचारलंय, जुने विद्यार्थी येऊन दर शनिवारी एक तास चौथीच्या मुलांशी बोलतील का. पैसे न घेता, न देता. मिलचा भोंगा त्या मुलांनी ऐकलेला नाही, त्यांच्या आज्यांनी ऐकलाय. तुम्ही पहिला शनिवार घ्या. मी बाईंना तुमचं नाव कळवू का?

---

प्रेषक: काका, कार्डिफ

कळवा. तिकीट २ ऑगस्टचं आहे. माझे संक्रांतीचे पैसे परत नकोत, इथल्या मराठी वर्गाच्या पुस्तकांना घाला.

---

प्रेषक: खजिनदार, स्लाव

काकांच्या मेलची नोंद घेतली. बाकीच्यांनी परत हवे की वर्गाला, ते लेखी कळवावं, तोंडी सांगितलेलं धरणार नाही. कार्यकारिणीची बैठक रविवारी चारला, झूमवर.

ताई, माझा पासपोर्ट भारतीय आहे. तपशील पाठवा.