मदत हवी आहे : 'अल-हफीज'ला मराठीत काय म्हणावं?

सलाम आणि नमस्कार. मुलीला अल्लाहच्या नावांचे अर्थ मराठीतून सांगते आहे आणि 'अल-हफीज'पाशी अडले. 'रक्षक' म्हटलं की तिला दारावरचा पहारेकरी दिसतो. 'राखणदार' हा शब्द मला फार जवळचा, पण आमच्या कोकणात राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारा, ज्याला नारळ देतात. तो अर्थ इथे मिसळायला नको.

कुराणातल्या सूरा यूसुफमध्ये (यूसुफ नावाच्या अध्यायात) धाकट्या मुलाला धान्यासाठी इजिप्तला पाठवताना हजरत याकूब म्हणतात, अल्लाहच उत्तम सांभाळणारा (१२:६४). एक मुलगा, यूसुफ, आधीच गमावलेल्या बापाचे हे शब्द! तरीही पुढे ते मुलांना बजावतात, सगळे एकाच दरवाजाने आत शिरू नका (१२:६७). इथे माझा गळा दरवेळी दाटतो. त्याच सूरेत हजरत यूसुफ कोठारांची जबाबदारी मागताना स्वतःला 'हफीज' म्हणवतात (१२:५५). म्हणजे संकटातून वाचवणंच नव्हे, सोपवलेलं नीट जपणंही त्यात आलं.

मग 'जपणारा' चालेल का? की फार घरगुती वाटतो? आणि 'खुदा हाफिज'मधला 'हाफिज' व हा 'हफीज' यांतला फरक आठ वर्षांच्या मुलीला कसा सांगाल? अरबी जाणणाऱ्यांनी जरूर लिहा.