मदत हवी आहे: हवामान संकटाकडे पॅसिफिक आणि आफ्रिकेतून कसं पाहिलं जातं?

नमस्कार मंडळी. आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या एका निबंधाची तयारी करतेय. हाती लागलेलं बहुतेक लेखन १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेपासून (संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची परिषद) सुरू होतं आणि युरोप-अमेरिकेभोवतीच फिरत राहतं. भारताची बाजू तरी सापडते: गरिबाच्या भातशेतीतला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत तोलायला पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हरकत घेतली होती.

मला खरा रस पॅसिफिक बेटांत आहे. २०१८ च्या बोए जाहीरनाम्यात (प्रादेशिक सुरक्षेवरचा त्यांचा संयुक्त जाहीरनामा) या देशांनी हवामान बदल हाच सर्वांत मोठा धोका ठरवला, म्हणजे सुरक्षेची व्याख्याच बदलली (सैन्य नव्हे, समुद्र!). पुढे वानुआटू या तिथल्याच छोट्या बेट-देशाच्या पुढाकाराने हवामानाबाबत देशांच्या जबाबदाऱ्या काय, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाचं सल्लागार (म्हणजे बंधनकारक नसलेलं) मत आलं. एवढ्याशा देशाने मोठ्या देशांना कसं वळवलं, यावर तिथल्याच अभ्यासकांचं काही वाचलंय का कुणी?

आफ्रिकेबद्दल माझ्याकडे फक्त घातक कचऱ्याची आयात रोखणारा १९९१ चा बामाको करार आहे. तो यात घ्यावा, की विषय भरकटेल? इक्वेडोरने २००८ मध्ये राज्यघटनेत निसर्गाला दिलेले हक्क तूर्त बाजूला ठेवलेत. मराठीत काही असेल तर आधी तेच सुचवा.