इ.स. १६६ : लोयांगला आलेले ‘दाछिन’चे दूत खरोखर रोमचे होते का?

जुनी_वही (प्रश्न)

फान ये याने पाचव्या शतकात संकलित केलेल्या ‘होउ हान शू’ या चीनमधील उत्तरकालीन हान राजवटीच्या इतिहासात अशी नोंद आहे की, सम्राट हुआनच्या कारकिर्दीत, यानशी या राजवर्षमालेच्या नवव्या वर्षी, दाछिनचा राजा आन-तुन याचे दूत रिनानच्या, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनामच्या, सीमेपलीकडून आले आणि त्यांनी हस्तिदंत, गेंड्याचे शिंग व कासवाचे कवच नजर केले. यानशीचे नववे वर्ष म्हणजे इ.स. १६६. दाछिन म्हणजे रोमन साम्राज्य किंवा निदान त्याचा पूर्वेकडचा भाग, आणि आन-तुन म्हणजे रोमन सम्राट अंतोनिनस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन साधनांत मात्र या दूतांचा उल्लेखही नाही. मग हे दूत सम्राटानेच पाठवले होते असे म्हणता येईल का? शिवाय, त्या वर्षी या दोन्ही दरबारांत नेमके काय चालले होते?

दर्यावर्दी

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण नजराण्यातच आहे. दाछिनच्या संपत्तीचे वर्णन करताना हाच ग्रंथ काच, पोवळे, तृणमणी आणि सोन्याच्या जरीची वस्त्रे यांची नावे घेतो. दूतांनी आणलेल्या वस्तूंत यांपैकी एकही नाही. हस्तिदंत, शिंग आणि कवच हा दक्षिणेकडील समुद्रमार्गावरच्या बंदरांत मिळणारा माल आहे, म्हणजे तो वाटेत विकत घेतलेला असण्याची शक्यता मोठी. हान दरबारात परदेशी माणूस माल घेऊन आला की त्याची नोंद ‘नजराणा’ म्हणूनच होत असे. व्यापाऱ्याने स्वतःला राजाचा दूत म्हणवून घेतल्यास त्याला प्रवेश मिळे, मान मिळे आणि परतीच्या भेटीही मिळत. तेव्हा तो मोह कोणाला झाला नसेल?

समुद्रमार्गाचे कारणही त्याच ग्रंथात सापडते. दाछिनच्या राजांना हानांशी थेट संबंध हवा होता, परंतु चिनी रेशमाचा व्यापार आपल्या हाती राहावा म्हणून आन-शी, म्हणजे इराणमधील पार्थियाचे साम्राज्य, त्यांना अडवत असे, असे तो सांगतो. इ.स. ९७ मध्ये सेनापती बान चाओने पाठवलेला गान यिंग पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पोहोचला होता. पण वारा अनुकूल असला तर तीन महिने, नसला तर दोन वर्षे लागतील आणि म्हणून लोक तीन वर्षांची शिधासामग्री बरोबर घेतात, असे पार्थियन खलाशांनी सांगताच तो मागे फिरला. त्या खलाशांचा हिशेब भौगोलिक कमी आणि व्यापारी जास्त होता, असे मला नेहमी वाटते.

तळटीप

नावाच्या बाबतीत एक अडचण आहे. अंतोनिनस पायस मार्च १६१ मध्ये वारला, आणि त्याच्यानंतर आलेल्या मार्कस ऑरेलियसनेही अंतोनिनस हे नाव धारण केले. प्रवासाला लागणारा काळ लक्षात घेता दूतांच्या मनात कोणता अंतोनिनस होता हे एकट्या ‘आन-तुन’ या शब्दावरून ठरवता येत नाही. दक्षिण व्हिएतनाममधील ओक-एओ येथील उत्खननात अंतोनिनस पायसची मुद्रा असलेले सोन्याचे पदक मिळाले आहे. त्यावरून रोमन वस्तू त्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत होत्या एवढे सिद्ध होते, रोमन माणसे पोहोचत होती असे नव्हे.

दर्यावर्दी यांनी मांडलेली शंका मुळात फान येचीच आहे, हे येथे नोंदवायला हवे. नजराण्यात मौल्यवान किंवा आगळे असे काहीच नव्हते, त्यामुळे वृत्तांत सांगणाऱ्यांची चूक झाली असावी, असे तो स्वतः लिहितो. आपण आज जी चिकित्सा करतो तिची सुरुवात नोंद करणाऱ्यानेच करून ठेवली आहे.

पोथीवाचक

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. ‘१६६’ हा आकडा दोन्ही राजधान्यांत कोणालाच कळला नसता. रोममध्ये वर्ष त्या वर्षीच्या दोन कौन्सुलांच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने ओळखले जाई; ते सर्व्हिलियस पुडेन्स आणि फुफिडियस पोलिओ यांचे वर्ष होते.

हानांच्या राजधानीत, लोयांगमध्ये, त्या वर्षी दरबार आतून दुभंगलेला होता. अंतःपुरातील खोज्यांच्या सत्तेला विरोध करणारे विद्वान अधिकारी आणि महाविद्यालयातील विद्यार्थी यांनी ‘टोळी’ बनवून राज्याची बदनामी चालवली आहे, असा आरोप ठेवून ली यिंग याच्यासह सुमारे २०० जणांवर अटकेची कारवाई झाली. पुढच्या वर्षी त्यांना सोडले, पण पदे धारण करण्यास बंदी घातली. १६९ मध्ये दुसरी, अधिक रक्तरंजित लाट आली. १६६ मध्येच शियांग खाय या विद्वानाने सम्राटाला निवेदन पाठवून सुनावले की, राजवाड्यात हुआंग-लाओ (पीतसम्राट व लाओत्से) आणि बुद्ध यांची पूजास्थाने आहेत, पण त्यांची शिकवण संयमाची असताना अंतःपुरात मात्र हजारो स्त्रिया आहेत. चिनी दरबारातील बुद्धपूजेचा हा फार जुना उल्लेख आहे. राजधानीभोवतीच्या आणि यू प्रांताच्या भागात तेव्हा भीषण दुष्काळ होता.

रोममध्ये वरवर उत्सव होता. पार्थियाशी चाललेले युद्ध संपले होते, सेल्युकिया आणि क्टेसिफॉन ही शहरे आदल्या वर्षी लुटली गेली होती, आणि ऑक्टोबर १६६ मध्ये मार्कस ऑरेलियस व ल्युसियस व्हेरस या सहसम्राटांनी विजययात्रा काढली. पाच वर्षांच्या कॉमोडसला त्याच दिवशी ‘सीझर’ ही पदवी मिळाली. परतणाऱ्या सैन्याबरोबर मात्र महामारीही आली, आणि प्रसिद्ध वैद्य गेलेनने त्याच वर्षी रोम सोडले.

जुनी_वही

मनःपूर्वक आभार. ही महामारी चीनमधून आली, असे काही ठिकाणी वाचले होते.

पोथीवाचक

ते गृहीत धरू नये. चिनी इतिहासात १७० आणि १८० च्या दशकांत साथींच्या अनेक नोंदी आहेत हे खरे, परंतु तो रोग रोममधलाच होता हे दाखवणारा पुरावा नाही. रोमन लेखक त्या महामारीचा उगम सेल्युकियाच्या लुटीशी जोडतात. अपोलोच्या मंदिरातील पेटी फोडल्यावर रोग बाहेर पडला, ही त्यांचीच दंतकथा आहे.