न विचारता खाता आलेलं गोड

धागाकर्ती:
हलाल हॉटेलातलं जेवण आणि त्यावरचं गोड, याबद्दल मनसोक्त लिहायला हा धागा. पदार्थाची स्तुती दोन ओळींत आटपा, टेबलावर काय झालं ते सांगा. पाककृती नकोत.

सुरुवात माझी. आम्ही बाहेर जेवायला गेलो की मेन्यूकार्ड आधी अब्बांकडे. मटण-चिकनचा निकाल पटकन लागायचा: हलाल असेल तर ठीक, नाहीतर मासे, नाहीतर भाजी. घोडं अडायचं ते गोडापाशी. मूसमध्ये (फेटून हलकं केलेलं गोड) जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला, गोड घट्ट करणारा पदार्थ, आणि ते डुकराचं की गुरांचं हे वेटरला ठाऊक नसायचं. तिरामिसूत रम नाहीतर वाईन. अब्बा विचारायचे, वेटर आत जाऊन यायचा आणि म्हणायचा, "नक्की नाही सांगता येणार, सर." मग कापलेली फळं. कॉलेजात जाईपर्यंत हॉटेलातलं गोड म्हणजे पपई, असाच माझा समज होता.

पूर्ण हलाल स्वयंपाकघर असलेल्या ठिकाणी पहिल्यांदा गेलो तेव्हा अब्बांनी कार्ड मागून उघडलं. आधी गोडाचं पान. उम्म अली मागवली. हा इजिप्तचा पदार्थ, खारीसारख्या पापुद्र्यांचे तुकडे दुधात भिजवून बेदाणे, सुकामेवा घालून भट्टीत भाजतात. वाडगं आलं तेव्हा कडेला दूध अजून बुडबुडत होतं, वरची साय फुगून तपकिरी झालेली. अम्मीने चमच्याने ती साय फोडली आणि पहिला घास अब्बांच्या ताटलीत घातला. अब्बांनी कुणाला काही विचारलं नाही.

गवतखाऊ:
मी शाकाहारी. ऑफिसच्या मंडळींबरोबर तुर्की हॉटेलात गेलो होतो. मसूरचं सूप, वांग्याचं भरीत, गरम पाव, सगळं झकास. शेवटी घट्ट, पांढरंशुभ्र दुधाचं गोड मागवलं. दोन चमचे खाल्ले, दालचिनी मस्त, पण जिभेवर बारीक बारीक तंतू येत होते. वाढप्याला विचारलं तर तो अभिमानाने म्हणाला, "तावुक ग्योसू! कोंबडीच्या छातीचं मांस, तंतू तंतू करून दुधात शिजवतो."

कोंबडीची खीर! हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे, हे मला शंभरदा माहीत होतं, पण गोडाच्या पानावर सावध राहायचं कुणाच्या डोक्यात येतं? चूक माझीच. त्या भल्या माणसाने वाटी उचलून नेली आणि न मागता बकलावा आणून ठेवला. पिस्ते, लोणी, पाक. चार तुकडे खाल्ले.

माजी भटारी:
तीन वर्षं हलाल हॉटेलच्या गोडाच्या विभागात काम केलंय, म्हणून आतली बाजू लिहितो. जिलेटिनला सरळ पर्याय अगर-अगर, समुद्रशेवाळातून निघतं. पण दोघांचा स्वभाव वेगळा. जिलेटिन तोंडाच्या उबेने वितळतं, अगर वितळत नाही, तुटतं. आमचं पहिलं अगरचं मूस मालकांनी चाखलं आणि म्हणाले, "हे खायचं की कापायचं?" शेवटी हलाल प्रमाणपत्र असलेलं गुरांचं जिलेटिन मागवू लागलो. ते महाग पडायचं, पण गिऱ्हाईक चमचा ठेवत नव्हतं. (गवतखाऊ दादा, त्यामुळे तुम्ही हलाल ठिकाणीसुद्धा मूसची चौकशी कराच.)

व्हॅनिलाचंही तेच. अर्क अल्कोहोलमध्ये काढतात, अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं. आम्ही शेंगा चिरून आतल्या बिया खरवडायचो. हात दिवसभर वास मारायचे, पण असा वास कुणाला नकोय?

दाढवाली:
आदल्या दिवशी अक्कलदाढ काढलेली, आणि मैत्रिणींनी ठरवलेलं जेवण रद्द होईना. पाचजणी मंदी खात होत्या. ही येमेनची, मांस भाताच्या वर टांगून बंद भट्टीत शिजवतात, सगळा रस खाली भातात उतरतो. बोटांनी हाडापासून मांस सुटत होतं आणि मी अर्ध्या तोंडाने हसत बघत होते. मला मुहल्लबी: दूध, तांदळाचं पीठ, गुलाबपाणी, थंडगार. चावायचं काही नाही. पहिली वाटी रुसून खाल्ली, दुसरी आवडीने, तिसरी मैत्रिणीची पळवून. आता आजारी पडले की आईच्या पेजेआधी तीच आठवते, आईला सांगू नका.

स्पष्टवक्ता:
सगळे गोडगोड लिहिताहेत, माझा अनुभव कडू. दारावर ठळक हलाल पाटी. कबाब उत्तम. नंतर चॉकलेट केक खाताना बायको थबकली, तिला वास आला. विचारलं तर कळलं, मांस हलाल, पण केक बाहेरच्या बेकरीतून येतो आणि त्यात रम आहे. पाटी खोटी नव्हती, अर्धी होती. पैसे परत केले, माफीही मागितली, तरी मुलांनी अर्धा केक संपवला होता त्याचं काय? तेव्हापासून मी दोन प्रश्न विचारतो: प्रमाणपत्र कुणाचं, आणि गोड कुठे बनतं?

बिनधास्त:
एवढी चौकशी करायची तर घरीच जेवावं की.

स्पष्टवक्ता:
घरीच जेवतो. महिन्यातून एकदा बाहेर पडतो, तेव्हा बायकोने ओट्याशी उभं राहू नये म्हणून. विचारायला अर्धा मिनिट लागतो.

धागाकर्ती:
बिनधास्त, विचारायची वेळ न येणं हीच तर चैन. स्पष्टवक्ते भाऊ, तुमचा दुसरा प्रश्न अब्बांना सांगितला, त्यांनी वहीत लिहून घेतला.

दोघांची आई:
आमचा धाकटा सात वर्षांचा. वाढदिवसांना वाटलेल्या पिशवीतल्या जेलीच्या गोळ्या, मार्शमेलो तो न सांगता माझ्या हातात देतो, मी मागचा बारीक मजकूर वाचते. ई ४७१ (तेल-पाणी एकजीव ठेवणारा, तेला-चरबीपासून बनणारा पदार्थ) लिहिलेलं असलं की माझाही गोंधळ, कारण ते वनस्पतीचं असतं तसं प्राण्याचंही असतं, आणि पाकिटावर सहसा लिहीत नाहीत. मग गोळ्या कपाटात, आणि त्याचं तोंड एवढंसं.

गेल्या महिन्यात सगळं हलाल असलेल्या आईस्क्रीम पार्लरमध्ये नेलं. काचेमागे वीसेक डबे, वर जेली, मार्शमेलो, काय नि काय. त्याने माझी ओढणी ओढून हळूच विचारलं, "अम्मी, यातलं काय काय चालतं?" म्हटलं, "सगळं." त्याने पुन्हा विचारलं, "सगळं म्हणजे?" काचेला नाक लावून तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, परत आला, परत गेला. मागे रांग लागली. मोठा वैतागला. दहा मिनिटांनी स्वारीने मान वर करून गंभीरपणे सांगितलं: साधं चॉकलेट, जे आम्ही घरी दर आठवड्याला आणतो.