मदत हवी आहे: नैतिक मूल्ये सार्वत्रिक मानायची, तर आधार कोणता?

अभ्यासगटात या विषयावर मांडणी करायची आहे. माझा कल सार्वत्रिकतेकडे आहे, पण एका जागी युक्तिवाद लंगडा पडतोय.

सापेक्षतावादी, म्हणजे योग्य-अयोग्य प्रत्येक संस्कृतीनुसार बदलते असे मानणारे, हमखास प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा दाखला देतात. पर्शियाचा सम्राट दारियसच्या दरबारात मृत आईवडिलांचे दहन करणारे ग्रीक आणि मृत आईवडिलांचे मांस खाणारे कॅलेशियन जमातीचे लोक समोरासमोर आले, आणि दोघांनाही दुसऱ्याची रीत भयंकर वाटली. याला माझ्याकडे उत्तर आहे: रीती वेगळ्या, पण मृतांचा आदर हे मूल्य एकच. शिवाय २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात ६० समाजांच्या नोंदी तपासल्या होत्या. नातलगांना मदत, उपकारांची फेड, शौर्य यांसारखी वर्तने त्यांत चांगलीच मानलेली आढळली.

खरी अडचण पुढे आहे. सगळे मानतात म्हणून ते योग्य, हे कसे म्हणणार? गुलामगिरी प्राचीन ग्रीस, रोमसकट कितीतरी संस्कृतींनी मान्य केली होती. एकमत हाच निकष धरला, तर तिला पहिल्यांदा विरोध करणारेच चुकीचे ठरतात, आणि हे मला अजिबात पटत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचा विवेकाचा आधार (नैतिक नियम विवेकबुद्धीतूनच निघतात, म्हणून ते सर्वांना लागू होतात) देऊन पाहिला. तो युरोपीय चौकटीतला आहे, असा आक्षेप आला. संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा पुढे केला, तर ४८ मते बाजूने असली तरी ८ देश तटस्थ होते, याकडे बोट दाखवले गेले. गटात आस्तिक-नास्तिक दोन्ही असल्याने धर्माज्ञेचा आधार चालणार नाही.

एकमतावर न विसंबता आणि कुठल्याही एका संस्कृतीची चौकट गृहीत न धरता, गुलामगिरी तेव्हाही चूकच होती हे कोणत्या युक्तिवादाने मांडता येईल?